घरच्या ओळीतले टोमॅटो

झरी गावच्या लाहूचे टोमॅटो लालबुंद, टणक, सगळे एका मापाचे. बाजारात तसेच उचलतात म्हणून तो युरिया सढळ हाताने टाकी, पाठीवर पंप घेऊन किडीची दवा मारी आणि दुसऱ्याच दिवशी तोडणी करी. ती फळं घरात मात्र शिजत नसत. घरासाठी विहिरीजवळ एक वेगळी ओळ होती, तिला फक्त शेणखत आणि राख. फळं बारकी, तडकलेली, पण चव अशी की भाकरीला दुसरं काही लागू नये. गावात बऱ्याच जणांची अशी ओळ असे आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

२०१७च्या हिवाळ्यात सून नीलमला दिवस गेले आणि कच्च्या टोमॅटोचे डोहाळे लागले. सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचं नाही, ही घरातली रीत. लाहूची सगळी माया बायकोमार्फत, जमनामार्फत पोचायची.

एकदा त्याने पाहिलं, नीलम अळी बोटाने काढून उरलेला टोमॅटो खातेय. त्याला फार वाईट वाटलं. आपली पोटुशी सून किडकं खाते! मायेपोटी माणूस अक्कल गहाण ठेवतो तो असा. दुसऱ्या दिवशी सकाळी जमना तलासरीच्या बाजाराला गेल्यावर त्याने घरच्या ओळीवरच दवा मारली. आठवडाभर हात लावू नको, असा निरोप जमनाकडून देऊ म्हणत तो पंप धुवायला गेला.

परत येतो तो नीलम ओळीत उभी, टोमॅटो अगदी ओठांशी. निरोप द्यायला जमना तर बाजारात. लाहू स्वतःच ओरडला,

"नीलम, टाक तो! खाल्लास का एखादा?"

तिच्या हातून टोमॅटो पडला. मान हलवून नाही म्हणाली आणि रडायलाच लागली.

"रडू नको गो बाय. तुला किडका नको म्हणून मीच दवा मारलीय. माझीच चूक." त्याने बादली आणून तिच्या हातांवर पाणी ओतलं.

हात चोळता चोळता नीलमने हळूच विचारलं, "मग बाबा, बाजारात नेता ते कोण खातं?"

लाहूने बादलीतलं उरलेलं पाणी तिच्या हातांवर ओतलं.

त्यानंतर बाजारच्या टोमॅटोंवर दवा मारली की तो तोडणी आठवडाभर लांबवू लागला. फळं जास्त पिकून मऊ पडत. व्यापारी नाक मुरडून विचारी, "वेळेवर का तोडत नाहीस रे?"

"घरात पोटुशी सून आहे," एवढंच लाहू सांगे. तिचा इथे काय संबंध, हे व्यापाऱ्याला कधीच कळलं नाही.