पूर्वेचे वळण

निवृत्तीनंतर मी लिहू लागले, तेही कोणाला न दाखवता. तरीही ही बातमी लोह्याजवळच्या माझ्या सासरच्या गावी पोहोचली आणि तिथल्या जत्रा कमिटीचा निरोप आला : आपल्या मैदानाचा इतिहास अर्ध्या पानात लिहून द्या, फलकावर रंगवायचा आहे. नाही म्हणणे मला कधीच जमलेले नाही.

मैदान म्हणजे माळावरची, घोड्यांच्या शर्यतीची लांबट गोल मातीची वाट. गावात तिला नुसते ‘गोल’ म्हणतात. नांदेडच्या महाविद्यालयात मी गणित शिकवत असे, त्यामुळे कोणत्याही वस्तूचा मला आधी आकार दिसतो. पहिल्याच फेरीत, पावले मोजत चालताना लक्षात आले, की पश्चिमेचे वळण ऐसपैस आहे आणि पूर्वेचे चांगलेच आवळलेले. असे का, हे कमिटीलाही हवे होते. वळण कोणी विचारपूर्वक तसे आखले असेल, तर ते राहू द्यायचे. नसेल, तर यंत्राने मोजून, जेसीबी लावून सगळा गोल नवा करायचा. मग आखणीही कंत्राटदाराचीच.

आखणी म्हणजे जत्रेआधी वाटेच्या कडेने चुन्याची फक्की मारणे. हा मान आजवर एकाच घराकडे आहे. सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी तो चालवतात. गोल मुळात आखला त्यांच्या वडिलांनी. मी त्यांच्या ओसरीवर बसून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “बानं मुद्दाम केलंय तसं. घोड्याचा कस लागावा म्हनून.”

“आणि आखले कसे?”

ते त्यांनी मोठ्या हौसेने सांगितले. खळ्यावर बैल ज्या खांबाभोवती फिरतात, तसे दोन खांब माळावर रोवले. पाच विहिरींवरून मोटेचे नाडे, म्हणजे अंबाडीचे जाड दोर, आणून एकाला एक गाठले आणि त्यांचा एक भला मोठा फास दोन्ही खांबांभोवती टाकला. तो ताणून धरून वडील चालत गेले आणि मागून कुणीतरी राख टाकत गेले.

मी वही मिटली, पण मन मिटेना. वर्षानुवर्षे फळ्यावर काढलेले लंबवर्तुळ या माणसाने शेतातल्या दोराने माळावर काढले होते. नांदेडला परतल्यावर मी गच्चीवर दोन खिळे आणि सुतळी घेऊन तेच करून पाहिले. दोन्ही टोके दर वेळी सारखीच आली. एकाच दोराने एक टोक रुंद आणि एक अरुंद येऊच शकत नाही. मधेच दोराची लांबी बदलली, तरच ते शक्य आहे.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले आणि सुतळीचा प्रयोग चाचरत सांगितला. त्यांनी आत वळून चहा सांगितला. चहा घेऊन आलेली त्यांची बायको म्हणाली, “अवो, सांगून टाका की. म्याडम काय दवंडी पिटून राहिल्या का?”

मग त्यांनी सांगितले. पश्चिमेचा अर्धा गोल झाला आणि दिवस मावळला. वडिलांनी नाडे जसे गाठलेले होते, तसेच विहिरीत सोडले. मोट जुंपण्याआधी नाडा भिजवायचा, म्हणजे तो तुटत नाही, ही हाताची सवय. सकाळी ओला दोर पुन्हा खांबांना घातला. भिजून तो आखडला होता, पण आदल्या दिवशीच्या राखेची टोके रात्रीच्या वाऱ्याने पुसली गेल्यामुळे हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

“पैल्या शर्यतीला बाला कळलं. पन लोकच म्हनले, काय डोकं चालवलं. मग बा गप बसला.” माझ्या वहीकडे बोट दाखवून ते म्हणाले, “लिवायचं तर खरं लिवा. पन ही फक्की गेली तर मला जत्रंत काय काम ऱ्हातंय?”

मी खरे लिहिले. कमिटीच्या बैठकीत, मान वर न करता, वाचूनही दाखवले. फक्कीचे मानकरी म्हातारेही बैठकीला बसले होते.

“मंजे,” तरुण अध्यक्ष म्हणाले, “इतकी वर्षं आपली घोडी भिजल्या दोरावर पळून राहिली?”

सगळे हसले. म्हातारे हसले नाहीत. पण मागच्या बाजूला बसलेला एक घोडेवाला उठला. “अध्यक्षसाहेब, लातूरची घोडी दरसाल फसत्यात कुठं? त्याच वळनावर. आपल्याला ते पाठ हाय. सरळ करा अन् मग बक्षीस त्यांच्या घरी पोचवायलाबी तुमीच जा.”

मग मात्र जेसीबीचा विषय कोणी काढला नाही. गोल आहे तसाच राहणार आणि फक्की त्यांचीच, असे ठरले. मी लिहिलेला इतिहास यात कोणाच्याच उपयोगी पडला नाही, हेही मला कळले. अध्यक्षांनी माझा कागद ओढला आणि नाड्याच्या वाक्यावर पेन्सिलीने काट मारून वर लिहिले : ‘मुद्दाम अरुंद ठेवले.’

“फलकावर हे बरं दिसतंय. काका, आता तर खूश?”

म्हातारे उठून उभे राहिले. “न्हाई,” ते म्हणाले. “नाडा भिजला व्हता, तसंच ऱ्हाऊ द्या. बानं जलमभर सांगायचं टाळलं. मी बी टाळलं. आता वळन बी हाय, फक्की बी हाय. मग भ्यायचं कशाला?”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी खोडरबर मागितले.