पानाशेजारचा ग्लास

नवऱ्याला शॅम्पेनचं भारी वेड. इंग्लंडमधल्या स्लाऊ गावातल्या आमच्या घरात बाटली उघडायच्या आधी तो माहिती सांगायचा: फ्रान्समधली ती खडूची जमीन, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवणं, मेलेलं यीस्ट आत तसंच ठेवून वर्षानुवर्षं मुरवणं. त्या मेलेल्या यीस्टमुळेच भाजलेल्या पावाचा वास येतो, म्हणायचा. मला नुसती आंबट लागायची. सासूबाई तर फ्रिजमध्ये बाटली दिसली की स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नसत. यावरून किती भांडणं झाली असतील!

त्याच्या वर्षश्राद्धाला मी त्याच्या आवडीचं सगळं केलं. बागेच्या भिंतीवर पान ठेवून आम्ही दोघी कावळ्याची वाट पाहत उभ्या राहिलो. तो शिवल्याशिवाय जेवायचं नव्हतं. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. माझं डोकं फिरलं. "गेल्यावरही याचे नखरे संपत नाहीत," मी मोठ्याने बोलून गेले.

सासूबाई आत गेल्या आणि त्याची उरलेली बाटली घेऊन आल्या.

"उघड. मला येत नाही."

मी ग्लास भरून पानाशेजारी ठेवला. त्यांनी वाकून वास घेतला.

"पावाचाच येतो गं."

कावळा आलाच नाही. ग्लासातले बुडबुडे मात्र कितीतरी वेळ तळातून वर येत राहिले, मग विरळ झाले. शेवटचा फुटेपर्यंत सासूबाई हात जोडून उभ्या होत्या.

"झालं त्याचं पिऊन," त्या म्हणाल्या. "चल, जेवून घेऊ."