पासवर्ड, तीन प्रतींत

"बडे बाबू, मी अर्ज मागे घेतलाच नाही," वैशाली मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

स्क्रीनवर स्पष्ट होतं. विनंती बदली : पवनी. स्थिती : मागे घेतली. वेळ : काल दुपारी ४.१३.

मी घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. पोर्टल त्याच दिवशी संध्याकाळी पाचला बंद होणार होतं. नंतर बदल्यांची यादी लागणार, आणि पुढची विनंती बदली तीन वर्षांनी.

थोडं समजावून सांगतो. मी भंडाऱ्यातल्या एका शिक्षण संस्थेत मुख्य लिपिक आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, माझी पेन्शन अजून लागायची आहे. चौदा शाळा, एकशे शहाऐंशी कर्मचारी. पूर्वी बदलीचा अर्ज कागदावर यायचा आणि ओळखीवर निघायचा. मग संस्थेने पोर्टल घेतलं. प्रत्येकाला एक लॉगिन, एक पासवर्ड. अर्ज भरायचा, ज्येष्ठतेप्रमाणे जागा मिळायची. पवनीच्या शाळेत जागा एकच होती आणि ज्येष्ठतेत वैशाली मॅडम पहिल्या होत्या.

त्यांची नोकरी तुमसरकडे. घर पवनीला. घरी सासू आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलीला सिकलसेल. दुखणं उठलं की पोरगी तडफडते आणि आई दोन बसा बदलून तीन तासांनी पोचते. हे मला माहीत होतं, कारण त्यांचे रजेचे अर्ज मीच नोंदवतो. त्या वर्षी सतरा रजा झाल्या होत्या. सतराही त्याच कारणाच्या.

"पासवर्ड कोणाला दिला होता?" मी विचारलं.

"कोणालेच नाही. नवऱ्यालेही नाही."

"सोपा होता का? नाव आणि वन टू थ्री?"

"नाही जी. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं ना. त्या गावाचं नाव अन् मोजणीवाल्यानं आमच्या भिंतीवर टाकला होता तो नंबर. आता ना ते गाव आहे, ना ती भिंत. कोणाले कसं माहीत पडन?"

मला माहीत होतं. ते यादीत अनुक्रमांक ७३ वर लिहिलेलं होतं. यादी मी टाईप केली होती.

त्याचं असं झालं. दोन महिन्यांपूर्वी सचिव साहेब कुठल्याशा सायबर सुरक्षेच्या व्याख्यानाला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. पहिला मुद्दा : सर्वांनी आपला पासवर्ड गोपनीय ठेवावा. दुसरा मुद्दा : सदर पासवर्ड सोबतच्या प्रपत्रात भरून तीन प्रतींत सादर करावा. माहिती निरंक असल्यास तसे कळवावे. प्रपत्र म्हणजे रकान्यांचा छापील तक्ता, निरंक म्हणजे काहीच नाही. सरकारी पद्धतीच्या कार्यालयात कोणतीही गोष्ट प्रपत्रात बसल्याशिवाय खरी होत नाही.

"साहेब, पासवर्ड मागायचा कशाला?" मी तेव्हा विचारलं होतं.

"उद्या एखादा विसरला तर? एखादा वारला तर?"

"वारलेल्याला बदली कशाला लागेल?"

"बडे बाबू, तुम्ही रकाने आखा."

मी रकाने आखले. एक प्रत शाळेत, एक कार्यालयात, एक साहेबांकडे. सगळी प्रपत्रं आल्यावर एकत्रित यादी केली. मला मोजायची सवय आहे, म्हणून मोजलं. १८६ पैकी नाव आणि १२३ असे ९४. स्वतःचा मोबाइल नंबर ४१. मुलाचं नाव आणि जन्मसाल २३. नुसतं 'पासवर्ड' असं लिहिलेले ११. उरले १७, त्यांत वैशाली मॅडमचा. माझा अनुक्रमांक १ वर : भंडारा आणि १९९९. गोंदिया वेगळं झालं त्याच वर्षी मी नोकरीला लागलो. जिल्ह्यातल्या निम्म्या कारकुनांचा हाच पासवर्ड असावा.

मग साहेबांनी ती यादी 'शंभर टक्के काम पूर्ण' म्हणून संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये २०३ जण. त्यांत निवृत्त झालेले, सोडून गेलेले आणि अध्यक्षांचे दोन मेहुणे. एकसष्ट अंगठे आले. हरकत एकट्याने घेतली, मी. अनुक्रमांक ११२ दोनदा आला होता. दुरुस्ती करून यादी पुन्हा पाठवली.

आता त्या बाईंसमोर बसून मला ते अंगठे आठवत होते.

पोर्टलला एक नोंदवही असते. तिला लॉग म्हणतात. कोण, किती वाजता, कोणत्या फोनवरून आत आलं, हे ती आपोआप लिहून ठेवते. ती फक्त मला दिसते. मी उघडली.

४.०९, सुधाकर सर, लॉगिन. ४.१२, वैशाली मॅडम, लॉगिन. ४.१३, विनंती मागे. ४.१६, सुधाकर सर, लॉगिन. चारही ओळींसमोर फोन एकच.

सुधाकर सर ज्येष्ठतेत दुसरे. त्यांचीही मागणी पवनीच. संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तेच करतात, त्यामुळे साहेबांचे लाडके. मी त्यांचं फेसबुक पाहिलं. बदल्यांची यादी अजून लागायची होती, पण सर आदल्या दिवशी पावणेपाचलाच फेसबुकवर पवनीच्या शाळेत रुजू झाले होते. खाली वैनगंगेच्या घाटावरचा फोटो. 'नवी सुरुवात.' ब्याण्णव जणांनी अभिनंदन केलं होतं.

मी फोन लावला. स्पीकर सुरू ठेवला.

"सर, काल वैशाली मॅडमच्या लॉगिनमध्ये तुम्ही काय करत होतात?"

"मी? मी तं फक्त पाहून राहिलो होतो बडे बाबू. मॅडमचा अर्ज बरोबर भरला का नाही म्हणून."

"मग मागे कसा गेला?"

"बोट लागलं असन."

"एकदा बोट लागलं की पोर्टल विचारतं, खात्री आहे का. तिथं 'होय' दाबावं लागतं."

पलीकडून आवाज आला, "आजकालचे फोन लयच नाजूक आहेत."

"अन् नियत?" वैशाली मॅडम म्हणाल्या. फोन कट झाला.

साडेबाराला मी साहेबांच्या केबिनमध्ये. मागे घेतलेला अर्ज पुन्हा सुरू करायला सचिवांची सही लागते, आणि सहीसाठी लेखी कारण.

"पासवर्ड बाईंचा, लॉगिन बाईंचं," साहेब म्हणाले. "बदलायचं कारण नाही."

"पासवर्ड २०३ जणांकडे आहे साहेब."

"असं लिहू नका."

"मग काय लिहू?"

"तांत्रिक अडचण लिहा."

"तांत्रिक अडचणीला पोर्टलवाल्यांचं पत्र लागतं. ते पाचच्या आत येत नाही. पासवर्ड उघड झाला असेल तर तुमची एक सही पुरते. नियम सात."

साहेबांनी चष्मा काढला. "उघड कोणी केला, हे विचारतील ना वरचे! परिपत्रकावर सही माझी आहे. अन् एक सांगा, यादीत पहिला पासवर्ड तुमचा. सगळं पोर्टल उघडतं तुमच्या पासवर्डनं. त्यानं कोणी तो लॉग बदलला नाही कशावरून? तुम्हीच नाही कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. म्हणजे साहेबांनी चुकून बरोबर विचारला होता. लॉग मुख्य लिपिकालाही बदलता येत नाही, फक्त पाहता येतो, एवढं मी सांगितलं. पण दोन महिने माझ्या पासवर्डने अख्खी संस्था उघडी होती आणि मी तो बदलला नव्हता. कारण बदलला की नवं प्रपत्र भरावं लागणार होतं. तीन प्रतींत.

जेवायची सुट्टी मी टिपण लिहिण्यात घालवली. यादी मी टाईप केली. धोका लक्षात आणून देणं माझं काम होतं, मी फक्त अनुक्रमांक तपासले. यादी ग्रुपवर गेल्याने पासवर्ड उघड झाला. सोबत लॉगची प्रत. परिपत्रकाचा उल्लेख मी ठेवला, पण एकाच ओळीत, क्रमांक आणि दिनांक. विशेषण एकही नाही.

साहेबांनी टिपण चार वेळा वाचलं. दोष घ्यायला माणूस तयार आहे, हे त्यांच्या चौथ्या वाचनात लक्षात आलं. चार अडतीसला सही झाली. चार शेहेचाळीसला अर्ज पुन्हा सुरू झाला. वैशाली मॅडमना मी तिथंच उभ्यानं नवा पासवर्ड टाकायला लावला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

"झालं जी," त्या म्हणाल्या. "सांगू का कोणता ठेवला?"

"अजिबात नाही."

त्या हसल्या. दिवसभरात पहिल्यांदा.

त्यांना पवनी मिळालं. पुढच्या वर्षी रजा तीन. सुधाकर सरांनी फेसबुकवरचं सगळं पुसलं, पण ब्याण्णवांपैकी पंधरावीस जण आजही त्यांना भेटले की विचारतात, "काय सर, पवनीचं हवापाणी कसं आहे?" सरांना संस्थेने समज दिली. समज देण्याच्या कार्यक्रमाला सूत्रसंचालन नव्हतं, एवढाच फरक. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. चोवीस वर्षांतली पहिली. मी कारणे दाखवली.

महिनाभराने नवं परिपत्रक आलं. 'पासवर्ड कोणासही सांगितला नसल्याबाबतचे प्रमाणपत्र सादर करावे.' खाली प्रपत्र. रकाना चार : बदललेला नवीन पासवर्ड.

मी पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं आणि रकाना चारमध्ये 'निरंक'. यादी त्याच कागदावर पुढे फिरवली. खालच्या १८५ जणांनी, सवयीप्रमाणे, वरच्याचं पाहून लिहिलं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"माहिती निरंक असल्यास तसे कळवावे, असं तुमच्याच परिपत्रकात आहे साहेब."

त्यांनी अनुक्रमांक तपासले. बरोबर होते. यादी फाईलला लागली, तीन प्रतींत. आमच्या कार्यालयातला पासवर्डबद्दलचा हा एकमेव कागद, जो ग्रुपवर टाकला तरी चालेल.