कोणी ठरवलं?

रविवारी सकाळी साडेसातला इंदूचा फोन यायचा. ऑस्ट्रेलियात तेव्हा दुपार झालेली असे. त्या रविवारी आला नाही. मी पेपर वाचून संपवला, औषधं घेतली, आणि नऊ वाजून गेल्यावर फोन वाजला तो तिच्या मुलीचा, मृणालचा. "मावशी, बसली आहेस ना?" एवढंच ती म्हणाली... आणि मला कळलं. इंदू रात्री झोपेतच गेली होती. संगमनेरहून निघून तिला आठ महिने होऊन गेले होते. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. माझी नातवंडं दूर देशी वाढताहेत. त्यांना इंदूआजी ठाऊक आहे ती सुट्टीत भेटणारी, पृथ्वीचा गोल फिरवत कोडी घालणारी. तिच्याविषयी त्यांना नीट सांगावं म्हणून हे लिहिते आहे. शिवाय मला स्वतःलाही एक गोष्ट मांडून बघायची आहे.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात. मी इंग्रजी शिकवायची, ती भूगोल. त्यातही लोकसंख्येचा भूगोल हा तिचा खास विषय. माझ्या वह्यांना कव्हरं आणि लेबलं असत, तिचे कागद पिशवीत कोंबलेले असत, आणि तरी वर्ग तिचाच भरायचा. जून महिन्यातला तिचा पहिला तास मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकला होता. तिने विचारलं, "घरात कोणी स्थलांतरित आहे का? हात वर करा." पारनेरकडची मुलं भराभर हात वर करू लागली. कुणाचा काका मुंबईला, कुणाचा भाऊ चाकणला. राहुरीच्या एका मुलाचा मामा थेट दुबईला. निम्मा वर्ग मात्र गप्प होता. इंदू म्हणाली, "बाकीच्यांच्या आया काय याच गावात जन्मल्या?" वर्गात हशा पिकला, आणि मग हळूहळू सगळेच हात वर गेले. "आपल्या देशात सगळ्यांत जास्त जागा बदलतात त्या बायका," ती म्हणाली, "पण त्यांना कोणी स्थलांतरित म्हणत नाही. नांदायला गेली म्हणतात." मी त्या वर्गात बसले होते आणि माझाही हात वर होता. मी तर पुण्याची, संगमनेरला लग्न करून आलेली. पण तोवर स्वतःला मी तसलं काही समजलेच नव्हते.

दर हिवाळ्यात ती विद्यार्थ्यांना घेऊन पारनेर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावी क्षेत्रभेटीला जाई. एका वर्षी तिच्या हाताखालची बाई रजेवर होती म्हणून मी गेले. घरोघर जाऊन फॉर्म भरायचे: घरात माणसं किती, गावाबाहेर कोण, कधी गेला, का गेला. पुस्तकात कारणांचे दोन गठ्ठे केलेले असतात, गावातून ढकलणारी कारणं आणि शहराकडे ओढणारी कारणं. मुलांनी ते पाठ केले होते. पहिलीच अडचण माणसं मोजताना आली. वर्षानुवर्षं मुंबईत राहणाऱ्या मुलांनाही आया घरातच धरत. "चौघं हाय आमी," असं सांगायच्या आणि ओसरीवर असायची एकटी म्हातारी. इंदू खोडायला सांगायची, पण हलक्या हाताने, पेन्सिलीने. "सहा महिने जो घरात नाही, तो या घरचा मोजायचा नाही, हा नियम आहे," ती मुलींना म्हणायची, "पण आईच्या तोंडावर खोडू नका. बाहेर आल्यावर खोडा."

तिथेच ठकूबाई भेटल्या. सत्तरीच्या पुढच्या, ओट्यावर मटकी निवडत बसलेल्या. एका विद्यार्थिनीने विचारून घेतलं की त्यांचं माहेर प्रवरेकाठचं, आणि इथे येण्याच्या कारणापुढे 'विवाह' लिहिलं.

"काय लिवलंस गं पोरी?" ठकूबाईंनी विचारलं.

"लग्न, आजी."

"लगीन झालं म्हून आले व्हय मी? आन ह्ये?" त्यांनी आत खाटेवर पडलेल्या नवऱ्याकडे बोट केलं. "ह्यांचं बी त्याच दिशी लगीन झालं की. मग हे का न्हाई आले माझ्या गावाला? तितं तर लई पानी हुतं!"

आतून म्हातारा ओरडला, "आलो असतो की! तुझ्या बापानं बोलावलं न्हाई!" सगळी मुलं पोट धरून हसली. इंदू हसली नाही. ती ओट्यावर ठकूबाईंच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "मग कोणी ठरवलं, आजी?" ठकूबाईंनी मटकीतला खडा उडवला. "चुलत्यानं. म्हनला, पोरीचं भलं हुईल. मला कोन इचारतंय? पाटी भरून भाकरी बांधली आन घातलं गाडीत..." मग दुसरी मूठ निवडायला घेत त्या म्हणाल्या, "भलं झालं बी आसंल. पर माझं मला ठरवाया मिळालं न्हाई."

परतीच्या एसटीत इंदूने मांडीवर पट्टी धरून उरलेल्या सगळ्या कोऱ्या फॉर्मवर पेनाने एक जादा रकाना आखला: कोणी ठरवलं? गाडी खड्ड्यातून जात होती आणि रेघा वाकड्या येत होत्या. पुढच्या वर्षापासून तो रकाना छापूनच आला. विभागप्रमुखांना ते पटलं नव्हतं. "मॅडम, हा भूगोल नव्हे, घरगुती गप्पा आहेत," असं ते माझ्यादेखत म्हणाले होते. ती म्हणाली, "सर, माणसं घरातूनच तर निघतात." त्या रकान्यात वडील, भाऊ, सासरे, ऊसतोड मजुरांच्या घरी मुकादम, अशीच नावं येत राहिली. 'स्वतः' असं आलं की ती स्टाफरूममध्ये येऊन मला फॉर्म दाखवायची, आपल्याच घरी कोणी पास झाल्यासारखी.

आता ती गोष्ट. दोन वर्षांपूर्वी इंदूचे यजमान गेले. मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरली आणि तीन आठवडे अंथरुणावर होती. मृणाल ऑस्ट्रेलियाहून मला फोन करायची, आईला नव्हे. इंदूने तिकडे जायचं, हे आणि बाकी सगळं आम्ही दोघींनीच बोलून ठरवलं. पासपोर्टच्या प्रती, औषधांची इंग्रजीतली यादी, डॉक्टरांचं पत्र, घराची किल्ली कोणाकडे, गॅस कधी बंद करायचा... मी रंगीत चिठ्ठ्या लावून एक फाईल केली. माझी आयुष्यातली सगळ्यांत नीटनेटकी फाईल ती. ती घेऊन मी इंदूकडे गेले आणि म्हटलं, "हे बघ, सगळं तयार आहे. तू फक्त निघायचंस."

तिने फाईल उघडली नाही. "कोणी ठरवलं?" असं शांतपणे विचारलं.

"इंदू, तुझ्याच भल्यासाठी—"

"ठकूबाईंचा चुलता," ती म्हणाली, "हेच म्हणाला होता."

त्यानंतर पंधरा दिवस ती संध्याकाळी फिरायला आली नाही. मी एकटीच नदीपर्यंत जाऊन यायची. सोळाव्या दिवशी ती दारात उभी राहिली, "फाईल दे" म्हणाली, आणि चहासुद्धा न घेता गेली. पुढच्या महिन्यात ती निघाली. व्हिसा वर्षाचा होता, परतीचं तिकीट सहा महिन्यांनंतरचं.

रविवारचे फोन तिनेच सुरू केले. तिथल्या थंडीबद्दल, भाज्यांबद्दल, नातवाच्या मराठीबद्दल ती बोलायची, मला हसवायची. फाईलचा विषय तिने काढला नाही आणि मला धीर झाला नाही. सहा महिने उलटले तरी ती आली नाही, तेव्हा मी धरून चालले की मृणालने तिकीट बदललं. मी मनात मृणालवर रागावले. खरं तर माझाच राग मी तिच्यावर ढकलत होते. आणि मग तो रविवार आला. त्यानंतर मला एकच वाक्य ऐकू येत राहिलं: मी तिला तिच्या घरातून काढलं, आणि ती परक्या गावात गेली.

गेल्या आठवड्यात मी मृणालला सरळ विचारलं. "आई तिकडे आली ती माझ्यामुळे?"

ती म्हणाली, "हो मावशी. येताना ती तुझ्यावर रागावलेलीच होती. माझ्यावरसुद्धा. पहिले दोन महिने तिने बॅग पूर्ण उघडली नव्हती."

तिने खोटं सांगितलं नाही याचं मला बरं वाटलं. "आणि तिकीट?" मी विचारलं. "तू बदललंस ना?"

"छे! मी तारीख तशीच ठेवली होती. तिनेच विमान कंपनीला फोन केला, तिच्या त्या भूगोलाच्या पुस्तकी इंग्रजीत. मला संध्याकाळी सांगितलं. इथल्या वाचनालयात बुधवारी आज्या जमतात, पंजाबी, तमिळ, चिनी, एक तर ग्रीक. प्रत्येकीला ही विचारत बसायची, तुम्ही कशा आलात म्हणून. मला म्हणाली, 'येणं तुमचं होतं, मी आता राहते आहे ते माझं.' आणि म्हणाली की अजून निम्म्याजणींना विचारायचं राहिलंय."

फोन ठेवल्यावर मी रडले. तोवर रडले नव्हते. माझी चूक त्या उत्तराने पुसली गेलेली नाही, आणि ती पुसली जावी असं मला वाटतही नाही. मी तिला विचारायला हवं होतं. पण माझ्या चुकीच्या पलीकडे तिचं आयुष्य पुढे गेलं होतं, आणि मी मात्र इतके आठवडे तिला त्या विमानतळावरच उभी करून ठेवलं होतं.

तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. काल खिडक्या उघडायला गेले. तिच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी एक लाकडी स्टूल आहे. परीक्षेच्या दिवसांत ती कुकरच्या शिट्ट्या मोजत त्यावर बसून पेपर तपासायची, त्यामुळे कित्येक उत्तरपत्रिकांना फोडणीचा वास यायचा. मी तिथे बसले होते, तेवढ्यात माझ्या मुलाचा, म्हणजे तुमच्या बाबाचा, फोन आला. एरवी तो "आई, कधी येतेस? तारखा बघू का?" असं विचारतो. काल तो जरा अडखळला. मृणालने त्याला काही सांगितलं असेल, नसेल. "आई," तो म्हणाला, "तुला इकडे यायचंय का?"

मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. माझी शाळा वडिलांनी ठरवली, हे गाव सासरच्यांनी, माझं राहतं घर तुमच्या आजोबांनी. मी म्हटलं, "विचार करून सांगते." तो म्हणाला, "सावकाश सांग." फोन ठेवून मी कितीतरी वेळ त्या स्टुलावर तशीच बसून राहिले. मुलांनो, उत्तर अजून मला माहीत नाही.