सुनेचा पराग आणि माझा संशय

"हिमोग्लोबिन पाच पॉइंट सहा," गोंदियाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून सांगितलं. "सिव्हियर ॲनिमिया. म्हणजे रक्त असायला पाहिजे त्याच्या निम्म्याहून कमी आहे. काका, हे रक्त कुठेतरी जातंय. कुठे, ते शोधावं लागेल."

मला शोधायची गरज वाटत नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडे, लताकडे बोट दाखवून मी म्हणालो, "हिले विचारा. दोन महिने झाले, मधमाशीचं काहीबाही चारून राहिली मले."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. ते आठवलं की आजही मान खाली जाते. तरी सगळं लिहितोय, कारण अशी वेळ तुमच्याही घरावर येऊ शकते.

आधी माझी ओळख. तीस वर्षं मी राइस मिलमध्ये धानाची पारख केली. पोत्यात लोखंडी परखी खुपसून दाणे काढायचे, दाताखाली चावायचे आणि ओलं की वाळलं, एका जातीचं की मिसळीचं, ते सांगायचं. विकणारा गोड बोलला की मी पोतं तळापासून तपासायचो. निवृत्त होऊन चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ गावी आलो, पण सवय काही सुटली नाही.

हिवाळ्यात तलावाची पाळ चढताना धाप लागायला लागली. कानात सूं सूं आवाज यायचा. मुलगा तिरोड्याला नोकरीला, दिवसभर घरात मी आणि लताच. माझा चेहरा पांढरा पडल्याचं तिच्याच लक्षात आलं. दवाखान्यात चला म्हणून ती मागे लागली, मी टाळलं. मग तिने पराग काढला.

तिच्या बचत गटाने मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या आहेत. पेटीच्या दाराला जाळी लावतात. माशी त्यातून आत शिरताना तिच्या पायाला चिकटलेला फुलांचा पराग खालच्या ट्रेमध्ये गळतो. त्याचे मोहरीएवढे दाणे होतात. यात प्रथिनं असतात, जीवनसत्त्वं असतात, ताकद येते, असं तिला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी दाणे तळहातावर घेतले. काही पिवळे, काही नारिंगी, काही तपकिरी. आमच्या धंद्यात असा माल दिसला की मिलावट समजायची. चावून बघितलं, आधी गोडसर, मग कडू. हे तर बेसनाचे रंगवलेले गोळे, असं मी तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, मोहरीचा वेगळा, जवसाचा वेगळा, करंजाचा वेगळा, रंग मिसळलेलेच असणार. मला काही पटलं नाही. पण ती पुढ्यात उभी राहायची, म्हणून रोज चमचाभर खायचो.

मग तिने दुसरी बरणी आणली, बी ब्रेडची. माश्या परागात मध मिसळून तो पोळ्याच्या घरांमध्ये ठासून भरतात, तिथे तो आंबतो. आंबल्यामुळे पचायला हलका होतो, असं तिचं म्हणणं. दिसायला काळपट, चवीला आंबट. थोड्याच दिवसांत मला डांबरासारखी काळी, चिकट शौच व्हायला लागली.

झालं, चोर सापडला. मी दोन्ही बरण्या बंद केल्या आणि पानठेल्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं, हे खाऊ नका, आतडी काळी होतात. गटातल्या बायांनी विकलेल्या बरण्या घरोघरून परत आल्या. बरण्या बंद करून आठ दिवस झाले तरी शौच काळीच. मग मला वाटलं, ही वरणात मिसळून देत असणार. मी स्वतःच्या हाताने गंजातून, म्हणजे पातेल्यातून, वाढून घ्यायला लागलो. एक दिवस सकाळी अंगणात चक्कर येऊन पडलो आणि थेट गोंदियाच्या दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरांनी विचारलं होतं, कोणती औषधं चालू आहेत? मी म्हणालो, एकही नाही. लता त्याच दुपारच्या गाडीने घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परतली ती कापडी पिशवी घेऊन. तिने टेबलावर आपल्या दोन्ही बरण्या ठेवल्या, म्हणाली, तपासून घ्या. आणि माझ्या कोनाड्यातून गोळा केलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या ठेवल्या, मूठभर.

डॉक्टरांनी बरणी उघडून वास घेतला आणि बाजूला सारली. पट्टी उचलली. "काका, ही दुखण्याची गोळी कधीपासून चालू आहे?"

दीड वर्षापासून. गुडघ्यांसाठी. मेडिकलवाल्याने दिलेली, सकाळ-संध्याकाळ एक, उपाशीपोटी काळ्या चहासोबत. गुडघ्याच्या गोळीला मी औषधात धरलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, या गोळ्यांनी जठराचं आतलं अस्तर सोलून निघतं, जखम होते, रक्त झिरपतं. ते रक्त पोटात पचून काळं होतं. याला मेलेना म्हणतात.

एंडोस्कोपी झाली. म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली नळी तोंडातून पोटात घालतात. दुखत नाही, पण जीव घाबरतो. जठरात अल्सर, म्हणजे व्रण दिसला. बायोप्सीसाठी त्याचा बारीक तुकडा काढला, कॅन्सर नाही ना हे बघायला. रिपोर्टला आठ दिवस. दोन बाटल्या रक्त चढवलं. रक्तपेढीने बदली रक्त मागितलं तेव्हा मुलाला ताप होता, म्हणून लताने दिलं. तिचं हिमोग्लोबिन तेरा निघालं. ती रोज पराग खाते. त्याच्यामुळेच असं ती म्हणाली नाही, आणि म्हणाली असती तर मी मानलं नसतं.

त्या आठ दिवसांत मी भयंकर भ्यालो होतो. रिपोर्ट चांगला आला. गुडघ्याची गोळी कायमची बंद, व्रणाची आणि लोहाची सुरू. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं, नाहीतर मी पुन्हा कुणावर तरी बोट दाखवलं असतं.

परागाबद्दल ते स्पष्ट बोलले. "अन्न म्हणून चांगलं आहे. ॲलर्जी किंवा दमा असेल त्याने सांभाळावं. पण चमचाभर खाऊन इतकं गेलेलं रक्त भरून येत नाही. आणि त्याने शौच काळी होत नाही." म्हणजे ते औषधही नव्हतं आणि विषही नव्हतं.

घरी आल्यावर मी पानठेल्यावर गेलो, मग बरण्या परत करणाऱ्या एकेका दारात गेलो, खरं काय ते सांगितलं. काहींनी बरण्या पुन्हा घेतल्या, काहींनी नाही. मग लताजवळ येऊन म्हटलं, माझं चुकलं, आज तुझ्यामुळे जिवंत आहे.

ती धान पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "मामाजी, तुमी माह्यावर शक केला, चालते. त्या गोळीवर काऊन नाई केला?"

गोळी कंपनीच्या पक्क्या पाकिटात होती आणि लता परक्या घरून आलेली. दुसरं कारण मला सापडलं नाही, आणि मी तिला तेच सांगितलं.