ढिल्या चावीचा आवाज

आज गल्लीत डांबर ओतत होते. खिडकी लावायला उठले आणि त्या वासाने तिथेच थांबले. बाबांच्या सदऱ्याला असाच वास यायचा. ते बडनेऱ्याला रेल्वेत चावीवाले होते. रोज रुळांवरून मैलोन्‌मैल चालत डांबर लावलेल्या लाकडी स्लीपरांवर रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरी, म्हणजे चाव्या, हातोडीने वाजवून बघायचे आणि ढिल्या असतील त्या घट्ट ठोकायचे.

साठ-एकसष्टची गोष्ट. अमरावतीच्या कॉलेजने अर्जासोबत निबंध मागितला होता, विषय आपल्या मनाचा. मी आठ दिवस ‘हिमालयातील सूर्योदय’ घोटत होते.

“तुनं पाह्यला काय हिमालय?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“मंग त्याच्यावर काहून लिहून राह्यली?”

मी तो कागद फाडला आणि बाबांच्या कामावर लिहिलं. वाचून दाखवताना मात्र मनात येत होतं, आपलं काम असं परक्यांपुढे मांडलेलं त्यांना आवडेल का? ते डोळे मिटून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, “ढिली चावी खणखण नाही वाजत, बद्द वाजते. तेवढं बदल.”

मला एकदम हसू आलं. पुढे प्रवेश मिळाला तेव्हाही इतकं हलकं वाटलं नाही. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने माझा निबंध तपासला होता, आणि चूक एकच निघाली होती.