शेंदराचे दोन टिके

जगातली कुठलीही वस्तू आहे त्या उंचीवर ठीक आहे, असं मोताळ्याच्या माझ्या मामांना आयुष्यात एकदाही वाटलं नाही. त्यांच्याकडे खाट विटांवर, फ्रिज पाटावर आणि तो पाट पुन्हा फरशीच्या तुकड्यांवर. देव्हारा तर इतका वर नेला, की मामी स्टुलावर चढून आरती करायच्या. "उद्या मलेही इटांवर ठेवतीन हे," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. माझ्या लग्नात मामांनी ऐन मुहूर्तावर नवरा-नवरीचे पाट उचलायला लावले होते. "वस्तू उचलली की निम्मे रोग जातात," हे त्यांचं तत्त्व त्या दिवशी व्याह्यांनाही ऐकावं लागलं.

जीपच्या बाबतीत मात्र कारण खरं होतं. मामींचे गुडघे गेले, लांबचं चालणं सुटलं आणि शेतातल्या विहिरीजवळ त्यांनी हातानं लावलेली लिंबोणी त्यांना अख्खा पावसाळा दिसली नाही. वाटेतल्या नाल्याच्या काळ्या चिखलात मामांची जुनी जीप पोटावर बसायची. म्हणून मामांनी चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून तिला चांगली वीतभर उचलली. जीप उंच झाली, पण मागची चाकं फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड पडला. तो कापून मधे पाइपाचा तुकडा जोडायचं ठरलं. लेथवर नेण्याआधी मामींनी शाफ्ट ओट्यावर मागवला, तेलात शेंदूर कालवला आणि दोन्ही टोकांना एकेक टिका लावला. "कापून राह्यले त हात तरी जोडा त्याले," म्हणाल्या.

लांब झालेला शाफ्ट बसला. देव्हाऱ्याच्या स्टुलावरून मामी जीपमध्ये चढल्या. डांबरी रस्त्यावर जरा वेग घेतला आणि गाडी अशी थरथरली, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "उतरवा मले. म्या आता या गाडीत बसत नाही."

मामांचा चेहरा उतरला. चार दिवस त्यांनी चाकं तपासली, पाटे तपासले, लेथवाल्याचा उद्धार केला. पाचव्या दिवशी शाफ्ट पुन्हा ओट्यावर आला. मामी तिथंच मेथी निवडत बसल्या होत्या.

"काऊन हो, म्या टिके एका रेघेत लावले होते. हा वर पाहून राह्यला, अन् तो भिंतीकडं काऊन?"

मामांनी कपाळावर हात मारला. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांची तोंडं एकाच दिशेला असावी लागतात, नाहीतर गाडी थरथरते. कापण्याआधी खूण करायची असते, ती मामाही विसरले आणि लेथवालाही. खूण होती ती फक्त मामींची. टिके जुळवून शाफ्ट पुन्हा जोडला आणि जीप गुमान चालू लागली. त्या दिवशी मामी लिंबोणीखाली पोचल्या आणि ओटी भरून लिंबं घेऊन आल्या. मामा पुढं कित्येक बाजारवार सांगत फिरले, "आमच्या घरातच इंजिनिअर आहे ना भाऊ!"

मामी गेल्या त्याला आता तीन वर्षं होतील. या दसऱ्याला मी मोताळ्याला गेलो, तर मामा शेंदराची वाटी घेऊन जीपखाली उताणे झोपलेले. शाफ्ट कधीचाच पक्का जोडलेला आहे, टिक्यांचं आता काही काम नाही.

"पाह्य बे, एका रेघेत आले का? मले दिसत नाही आता."

मी खाली शिरून पाहिलं. एक टिका बोटभर सरकला होता. "हाव मामा, एका रेघेत आहेत."

"खोटं बोलून राह्यला तू. मामी असती त लगेच धरलं असतं तिनं."

मला मामींची फार आठवण आली. मग मी मामांच्या हातातून वाटी घेतली, टिका पुसला आणि सरळ रेषेत पुन्हा लावला.